चौकटीबाहेर बसलेल्या बाबांना

नमस्कार.

पत्राची सुरुवात ‘सप्रेम’ने करायची आपली रीत आहे. तो शब्द मी मुद्दाम गाळला आहे. तुमचं नाव मला ठाऊक नाही, चेहरा पाहिलेला नाही. तुमचं एक वाक्य तेवढं ऐकलं आहे, दबक्या आवाजातलं: “मान्य करू नकोस! जपान सांग, जपान!”

इंग्रजी वादविवादाच्या ऑनलाइन खोलीत मराठी कोणाला कळणार, असं तुम्हाला वाटलं असणार. समोरची दोन्ही मुलं टेक्सासची, तुमच्या लेकीची जोडीदार आयडाहोची, आणि परीक्षकाच्या खिडकीत नावाच्या जागी नुसतं ‘जज’. ती जज मी. माहेर साताऱ्याचं. न्यू जर्सीत येऊन अठरा वर्षं झाली, पण कुजबुजलेलं मराठी मला अजून पहिल्या खेपेला कळतं.

फेरी चालू असताना परीक्षकाने पालकांशी बोलायचं नसतं. पालकांनीही मुलांशी बोलायचं नसतं. आपल्या दोघांपैकी एकानेच हे पाळलं, म्हणून हे पत्र.

माझा मुलगाही तुमच्या मुलीसारखाच एका ऑनलाइन शाळेत शिकतो, शाळा वेगळी. अशा शाळेत घंटा नसते, डबा खायची सुट्टी नसते, बाकावरून मागे वळून बोलायला कोणी नसतं. वर्गात बहुतेकांचे कॅमेरे बंद आणि उत्तरं चॅटमध्ये टाइप केलेली. दोन वर्षं एकाच वर्गात असलेल्या मुलांनी एकमेकांचा आवाजसुद्धा ऐकलेला नसतो. त्यामुळे त्याच्या डिबेट क्लबची गुरुवारची बैठक आमच्या घरात कोणी हलवू देत नाही. अलास्कातला एक मुलगा, वडील सैन्यात म्हणून जर्मनीत राहणारी एक मुलगी आणि आमचा हा, अशी पोरं घड्याळं जुळवून एकत्र येतात. कॅमेरा चालू ठेवावाच लागतो. एकमेकांना मध्येच अडवतात. “हे तू कुठे वाचलंस?” असं तोंडावर विचारतात. पहिल्या दिवशी आमच्या मुलाने तीन मिनिटांच्या भाषणातली चाळीस सेकंदं कशीबशी भरली होती आणि उरलेला वेळ टेबलाकडे बघत बसला होता. मी दाराबाहेर उभी होते. आत जावंसं मलाही वाटलं होतं, हे तुम्हाला सांगून ठेवते.

इथल्या स्पर्धांत शाळा जेवढे संघ पाठवते त्या प्रमाणात तिला परीक्षकही द्यावे लागतात, म्हणून आमच्यासारखे पालक परीक्षक होतात. विस्कॉन्सिनमधल्या रिपन कॉलेजात ब्रूनो जेकब यांनी 1925 साली सुरू केलेली संघटना आज नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन म्हणून ओळखली जाते, आणि तिचा हा सारा पसारा शिक्षकांच्या आणि पालकांच्या फुकट दिलेल्या शनिवारांवर उभा आहे. 2020 साली साथीमुळे तिची राष्ट्रीय स्पर्धा ऑनलाइन घ्यावी लागली. त्या काळातल्या स्पर्धांनी घराच्या खोलीचीच स्पर्धेची खोली केली, आणि तुमच्या-माझ्या पोरांसाठी ती अजूनही तशीच आहे. घरात दार लोटून आत बसायला कोणाची परवानगी लागत नाही. विश्वास ठेवण्यापलीकडे आयोजकांच्या हातात फारसं काही नसतं. तुम्ही नेमका तोच खर्च केलात.

आता त्या फेरीविषयी. तुम्ही खोलीत होतात, तरी मी जे पाहिलं ते तुम्ही पाहिलेलं नाही.

प्रकार ‘पब्लिक फोरम’. दोन विरुद्ध दोन. फेरीआधी नाणं उडतं आणि त्यावरून बाजू ठरतात, म्हणजे प्रत्येक जोडीला दोन्ही बाजू तयार कराव्या लागतात. कालपर्यंत जे खोडून काढलं ते आज मांडावं लागतं. विषय होता अतिवेगवान रेल्वेवर सरकारने खर्च वाढवावा का, हा. तुमच्या मुलीच्या वाट्याला ‘वाढवावा’ ही बाजू आली. तिचं चार मिनिटांचं भाषण स्वच्छ झालं. मग तीन मिनिटांचा क्रॉसफायर सुरू झाला. दोघे समोरासमोर, प्रश्नाला प्रश्न, कागद वाचून चालत नाही. टेक्सासच्या मुलाने वर्मावर बोट ठेवलं. 2008 साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी या रेल्वेसाठी जवळपास दहा अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले, तेव्हा एकूण खर्चाचा अंदाज 33 अब्जांचा होता. आज तो किती आहे?

तुमची मुलगी थांबली. पाच-सहा सेकंदं असतील. त्या थांबण्यात घाबरणं नव्हतं. ती उत्तर जुळवत होती. ते तिच्या कपाळावर दिसत होतं. मग ती म्हणाली, “शंभर अब्जांच्या वर गेला आहे. हे खरं आहे, आणि आमच्या बाजूला हे अडचणीचं...”

इथे तुम्ही आलात. मान्य करू नकोस. जपान सांग, जपान.

तिची नजर डावीकडे गेली, परत आली, आणि सुरू केलेलं वाक्य तिने तिथेच सोडलं. “जपानमध्ये 1964 पासून शिंकान्सेन धावते,” ती म्हणाली. मुलगा म्हणाला, मी कॅलिफोर्नियाचं विचारलं. ती पुन्हा जपान म्हणाली. तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही. नुसता हसला आणि मला दिसेल असं काहीतरी लिहून घेतलं.

1964 बरोबर आहे. शिंकान्सेन त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झाली. तुमचा अभ्यास कच्चा नाही. गुण द्यायचे तर तुमचं नाव स्पर्धकांच्या यादीत हवं होतं, इतकंच.

पण तुम्ही खाल्लेलं ते अर्धं वाक्य काय होतं, हे तुम्हाला कळलं आहे का? आपल्याकडे शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायची पद्धत आहे. समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगल्या रीतीने मांडायचं आणि मगच खोडायला घ्यायचं. ज्याला पूर्वपक्ष मांडता येत नाही त्याचा उत्तरपक्ष कोणी ऐकत नाही. पंधरा वर्षांची एक मुलगी परक्या भाषेत, घड्याळ चालू असताना, समोर प्रतिस्पर्धी टपलेला असताना नेमकं तेच करायला निघाली होती. मी चार वर्षं परीक्षण करते आहे. मोठमोठ्या चषकांच्या फेऱ्यांत ‘हो, हे आमच्या विरुद्ध जातं’ असं म्हणणारी मुलं मला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच भेटली. तुमची मुलगी त्यांतली एक होती. तुम्ही तिला गप्प केलंत.

आणि नुसतं तिलाच नाही. तिची जोडीदार, ती आयडाहोची मुलगी. पूर्वेकडचे सकाळचे आठ म्हणजे तिच्याकडचे सहा. तिच्या खिडकीबाहेर अंधार होता. दोघी आजवर एका छपराखाली उभ्या राहिलेल्या नाहीत, असं फेरी सुरू होण्याआधी त्याच सांगत होत्या. सामायिक कागदावर महिनोन्महिने लिहून, फोनवर एकमेकींना प्रश्न विचारून त्यांनी ही बाजू बांधली होती. सारांशाचं भाषण जोडीदाराचं होतं. ती बोलायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते भाषण तुमच्या मुलीच्या कबुलीवरच उभं होतं. खर्च वाढला, कारण पैसा तुकड्यातुकड्यांनी आला, जमिनी वेळेवर मिळाल्या नाहीत, खटले चालत राहिले; म्हणून सलग आणि पुरेशी गुंतवणूक हाच त्यावरचा उपाय. कबुली म्हणजे त्यांच्या जिन्याची पहिली पायरी होती. जोडीदारणीने अर्ध्यावर सोडलेल्या कबुलीवर पुढे बोलायचं कसं? ती पोर कागदावरचा परिच्छेद डोळ्यांनी शोधत राहिली, मग तो सोडून पुढे गेली, आणि तीन मिनिटांतलं पाऊण मिनिट रिकामं राहिलं. तुम्ही तिचा शब्दन् शब्द ऐकला असेल. तिचा चेहरा पाहायला तुम्ही पडद्यासमोर नव्हतात.

आपल्या संगीत नाटकांत विंगेत प्रॉम्प्टर असे, असं म्हणून तुम्ही स्वतःची समजूत घालत असाल, तर तीही सोडून द्या. नटाची वाक्यं लिहिलेली असतात. प्रॉम्प्टर त्याला त्याचंच विसरलेलं परत देतो. क्रॉसफायरमधलं उत्तर कुठेही लिहिलेलं नसतं. तिथे बाहेरून आलेला शब्द मुलाचा शब्द ढकलून त्याची जागा घेतो. इथल्या ‘ओरिजिनल ऑरेटरी’ या दहा मिनिटांच्या भाषणप्रकारात दुसऱ्याचे शब्द जास्तीत जास्त 150 उद्धृत करता येतात, आणि तेही कोणाचे ते उघड सांगून. स्वतःचं बोलणं म्हणजे काय, याचा इतका बारीक विचार ज्या खेळात केला आहे, तिथे तुम्ही चौकटीबाहेरून शिरलात.

मी काय केलं ते सांगते, कारण त्याबद्दल तुम्ही तक्रार केली आहे. फेरी मी पूर्ण होऊ दिली. मग जे ऐकलं ते मूळ मराठीत आणि इंग्रजी अर्थासह टॅबरूमला, म्हणजे स्पर्धेच्या कचेरीला कळवलं. फेरी सुरू झाल्यावर प्रशिक्षक, पालक, मित्र, कोणाचीही मदत घेता येत नाही. त्यांनी ती फेरी तुमच्या मुलीच्या जोडीविरुद्ध दिली. तुमच्या तक्रारीत म्हटलं आहे की घरातल्या दुसऱ्या संभाषणाचा परीक्षकेने भलता अर्थ लावला, तिला भाषा नीट कळली नसावी. बाबा, जपानचं नाव घेतल्यावर तीन सेकंदांत मुलगी जपान म्हणते, यात भाषेचा प्रश्न कुठे येतो?

निकालपत्रावर मी तुमच्या मुलीसाठी लिहिलेला शेरा तुम्ही वाचला असेल तर पुन्हा वाचा, कारण तो तुमच्यासाठीही आहे. ‘तू अर्धवट सोडलेलं वाक्य या फेरीतलं सर्वांत चांगलं वाक्य होतं. पुढच्या वेळी ते पूर्ण कर.’ तिला दोष देणारा एक शब्दही मी लिहिलेला नाही. ती तुमच्याकडे बघते, कारण ती तुमची लेक आहे. बापाने हळू आवाजात सांगितलेलं न ऐकायला पंधराव्या वर्षी जे बळ लागतं ते तिच्याकडून मागायचा अधिकार ना तुम्हाला आहे ना मला.

तुम्ही हे का केलंत, याची मला थोडी कल्पना आहे. आपण इथे येऊन इंग्रजीत अडखळलो. मीटिंगमध्ये बरोबर मुद्दा असूनही तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेला, हे मी अनुभवलं आहे. तुम्हीही अनुभवलं असेल. आपल्या पोराने तसं उभं राहू नये, असं वाटतं. पण त्या सकाळी ती अडखळलेली नव्हतीच. ती विचार करत होती. या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, आणि तुम्हाला पाच सेकंदं धीर धरवला नाही.

हरण्याची भीती असेल तर एवढंच सांगते. इथे वादविवादाच्या एका सबंध प्रकाराला लिंकन-डग्लस म्हणतात. 1858 साली इलिनॉयमध्ये सिनेटच्या जागेसाठी त्या दोघांच्या सात जाहीर सभा झाल्या, पहिला वक्ता तासभर, दुसरा दीड तास, पुन्हा पहिला अर्धा तास. जागा डग्लसला मिळाली. लिंकन हरला, आणि त्या सभांची भाषणं छापून त्यानेच पुढे लोकांपुढे ठेवली.

तुमच्या मुलीची माफी मागा, असं मी सांगणार नाही. ते तुमच्या घरातलं आहे. आयडाहोच्या मुलीची मात्र मागा. तिचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, आणि अंधारात उठून तिने जे कमावलं होतं ते तुमच्या चार शब्दांत गेलं. इंग्रजीत दोन ओळी लिहा. लेकीकडून तपासून घेऊ नका.

आणि आणखी एक विनंती. आमच्याकडे परीक्षक नेहमी कमी पडतात. पुढच्या स्पर्धेची नोंदणी उघडली की नाव द्या. तुमच्या मुलीच्या शाळेची फेरी तुम्हाला देणार नाहीत, दुसऱ्यांची मुलं समोर बसवतील. कॅमेरा चालू, माईक बंद, हातात पेन. त्यातलं एखादं पोर प्रश्न ऐकून थांबेल. सेकंद काटा सरकत राहील. तेव्हा काही बोलू नका. ते काय म्हणतं ते लिहून घ्या.