सत्त्याण्णव की एक हजार बहात्तर?

माझी मावशी सांगलीच्या मंडईत भेंडी घेते तेव्हा तिचं टोक मोडून बघते. कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून, आणि जून निघाली की ती तिथल्या तिथे ढिगात परत. वांग्याचा देठ बघते, नारळ कानाशी धरून हलवते, तांदळाचे चार दाणे दाताखाली चावून बघते. भाजीवाल्यांना ती परिचयाची आहे आणि तिच्यापुढे कुणी शिळा माल सरकवत नाही. हीच मावशी गेल्या दिवाळीच्या आधी मोबाइलवर २,३४० रुपयांना फसली. त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता, आणि हे मला आज ठासून सांगायचं आहे.

झालं ते असं. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका नावाजलेल्या दुकानाची लिंक आली. स्टीलच्या कढयांचा सेट, निम्म्याहून कमी भावात. मावशीने लगेच बोट लावलं नाही. पत्ता बघून घ्यायचा असतो हे तिला ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. तिने चष्मा लावून दुकानाचं नाव एकेक अक्षर वाचलं. बरोबर होतं. मग पैसे भरले. कढया आल्या नाहीत, मेसेज बंद झाले, आणि तिसऱ्या दिवशी तिने फोन माझ्या हातात दिला. "बघ रे, यात काय चुकलं माझं?"

मी बघितलं. मलाही काही दिसलं नाही. मेसेजातलं नाव शुद्ध होतं, एक कानामात्रा इकडची तिकडे नाही. लिंक उघडली तेव्हा मात्र पानाच्या वरच्या बारीक पट्टीत ते नाव नव्हतंच. तिथे एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे आकड्याअक्षरांचं कडबोळं होतं. खाली कढयांचे झगझगीत फोटो असताना बोटभर फोनच्या त्या पट्टीकडे कोण बघतं? मेसेजातल्या नावातला एक 'ए' इंग्रजी नव्हता. तो रशियन होता.

आता हा रशियन ए सांगलीत कसा आला, ते ऐका. गोष्ट लांबची आहे, पण तिच्यावाचून ही चोरी कळत नाही.

सुमारे ३,८०० वर्षांपूर्वी इजिप्तच्या सिनाई भागात, सेराबित अल खादिम इथल्या पिरोजाच्या खाणींच्या परिसरात, कुणीतरी दगडावर बैलाचं डोकं कोरलं. १९०५ साली फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाला तिथले लेख सापडले आणि १९१६ साली अॅलन गार्डिनर यांनी त्यातला एक शब्द लावून दाखवला. बैलाला ते कोरणाऱ्या सेमिटिक लोकांच्या भाषेत 'आलेफ' म्हणत, म्हणून बैलाचं डोकं म्हणजे त्या शब्दाचा पहिला ध्वनी. चित्राचं अक्षर झालं. आजही इंग्रजी मोठा ए कागदावर लिहा आणि कागद उलटा धरा. दोन शिंगं आणि खाली निमुळतं तोंड दिसेल. आपण पोळ्याला ज्याची शिंगं रंगवतो, तोच हा.

ते अक्षर पुढे नेलं फिनिशियन लोकांनी, म्हणजे टायर आणि सिडॉनच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी. त्यांची बावीस अक्षरं मालाबरोबर बंदराबंदरांत उतरली. ग्रीकांनी ती उचलली. आलेफचा घशातला ध्वनी त्यांच्या भाषेत नव्हता, म्हणून त्यांनी त्या अक्षराला स्वर केलं आणि नाव ठेवलं आल्फा. (आपल्या ब्राह्मीचं मूळही याच कुळात शोधणारे विद्वान आहेत आणि ते साफ नाकारणारेही आहेत. तो वाद आज नको.) ग्रीकांकडून ते इटलीतल्या एट्रुस्कन लोकांकडे आणि तिथून रोमनांकडे गेलं. ही झाली एक शाखा.

दुसरी शाखा नवव्या शतकात फुटली. स्लाव्ह लोकांमध्ये धर्मप्रसार करणारा संत सिरिल ८६९ साली वारला. त्याच्यामागे बल्गेरियाच्या राज्यात ग्रीक अक्षरांवरून एक नवी लिपी घडली आणि तिला त्याचंच नाव मिळालं: सिरिलिक. म्हणजे रोमन ए आणि सिरिलिक ए ही एकाच आजीची नातवंडं. तरी दोघांचे चेहरे पुष्कळ काळ वेगळे होते. जुनी रशियन छपाई बघितली तर ती अक्षरं जाड, कोनदार, चर्चमधली दिसतात.

मग आला पीटर द ग्रेट. त्याला रशिया पश्चिमेसारखी करायची होती, आणि त्याने दाढ्यांबरोबर अक्षरंही तासली. युरोपातल्या रोमन टाइपाच्या धर्तीवर त्याने नवा नागरी टाइप पाडून घेतला. त्यात छापलेलं पहिलं पुस्तक १७०८ सालचं, भूमितीचं. जानेवारी १७१० मध्ये त्याने नमुन्याच्या तक्त्यावर नको ती अक्षरं स्वतःच्या हाताने खोडली आणि उरलेली मंजूर केली. तेव्हापासून छापील रशियन छोटा ए आणि छापील इंग्रजी छोटा ए यांच्यात डोळ्याला फरक उरला नाही. मावशीच्या २,३४० रुपयांची वाट तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या तक्त्यावरून जाते. पीटरचा यात दोष नाही. पण कारण तिथे आहे.

डोळ्याला फरक नाही, पण यंत्राला आहे. ही गोष्ट नीट डोक्यात बसवा.

संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना युनिकोडने क्रमांक दिले आहेत. इंग्रजी छोटा ए म्हणजे ९७. रशियन छोटा ए म्हणजे १०७२. आपला 'अ' २३०९. तुमच्या डोळ्यांना दिसतो तो त्या क्रमांकाचा फोटो. ९७ आणि १०७२ यांचे फोटो जुळ्या भावांसारखे, पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या घरची. म्हणून ९७ असलेलं दुकान एकाचं आणि १०७२ असलेलं दुकान दुसऱ्याचं.

आपल्याला सवय उलटी आहे. चेकवर रक्कम आकड्यात लिहितो आणि 'अक्षरी रुपये' म्हणून शब्दांतही लिहितो. दोहोंत फरक पडला तर कायद्याने अक्षरी रक्कम खरी धरतात. १ चा ७ करणं सोपं, 'एक हजार'चं 'सात हजार' करणं अवघड. पिढ्यान् पिढ्या आपण हेच शिकलो: आकडा फितूर होईल, अक्षर होणार नाही. इंटरनेटवर हे फिरलं. तिथे आकडा खरा आणि अक्षर फितूर. आणि हे मावशीला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

जाणकारांना मात्र हे कधीच ठाऊक होतं. २००२ साली इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतले येव्गेनी गॅब्रिलोविच आणि अॅलेक्स गोंटमाखर यांनी यावर लेख लिहिला, आणि दाखल्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या नावात सिरिलिक अक्षरं घालून तो पत्ता नोंदवूनही दाखवला. ब्राउझर बनवणारे हळूहळू जागे झाले. एका नावात दोन लिप्या मिसळल्या की नाव न दाखवता ते एक्स-एनचं कडबोळं दाखवायचं, असा नियम आला. मग २०१७ साली एका संशोधकाने अॅपलचं पूर्ण नावच सिरिलिकमध्ये लिहून दाखवलं. त्यातल्या 'एल'साठी त्याने कॉकेशसकडच्या भाषांमधलं एक उभं दांडकं वापरलं. सगळी अक्षरं एकाच लिपीतली, म्हणून मिसळ पकडणारा नियम गप्प बसला, आणि क्रोमवर ते नाव चोख अॅपलसारखं दिसलं. पुढच्या आवृत्तीत ते भोक बुजवलं. असं हे चालू आहे: एक भोक बुजतं, दुसरं पडतं.

यावर कुणी म्हणेल, बंद करा त्या परक्या लिप्या, पत्ते फक्त इंग्रजीत ठेवा. माझा याला कडाडून विरोध आहे. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' मिळतं. मराठी माणसाने आपल्या दुकानाची पाटी मराठीत लावावी आणि पत्ता मात्र परक्या लिपीत मागावा, हे मला मान्य नाही. रशियन माणसाचा त्याच्या ए वर तितकाच हक्क आहे जितका आपला ळ वर. चोराने काच फोडली म्हणून घराला खिडक्या ठेवायच्या नाहीत, असं होत नाही.

आणि खरं सांगायचं तर लबाडीला परकी लिपी लागतेच असं नाही. इंग्रजीत आर आणि एन शेजारी बसले की लांबून एम दिसतात. छोटा एल आणि मोठा आय कित्येक टाइपांत एकच काठी असतात. आपण तरी काय, जुन्या छपाईत 'ख' सुटा पडून 'रव' वाचला जायचा, म्हणून त्याचे पाय खाली जोडून घेतले. लिपीला असले खड्डे असतातच. भामट्याला ते पाठ असतात.

मग मोबाइलवर भेंडीचं टोक मोडायचं कसं?

आडनाव बघून. वेबपत्ता मराठी नावासारखा असतो: आधी स्वतःचं नाव, शेवटी आडनाव. 'मोठेदुकान डॉट दिवाळीसेल डॉट शॉप' असा पत्ता असेल तर तो मोठ्या दुकानाचा नाही, दिवाळीसेलच्या घरचा आहे. पोराचं नाव कुणीही काहीही ठेवावं, घर कळतं ते आडनावावरून. सुरुवातीच्या दोन जोडलेल्या तिरप्या रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे शेवटचं टिंब येतं, त्याच्या दोन्ही बाजूंचे शब्द वाचा. 'डॉट को डॉट इन'सारखी जोडशेपटी असेल तर आणखी एक शब्द मागे जा. निम्मे भामटे इथेच उघडे पडतील.

कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. ते चिन्ह एवढंच सांगायचं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जाणार नाही. साइट कुणाची आहे, हे ते सांगत नव्हतं. भामट्याशी खासगीत बोलण्याची सोय, दुसरं काय? लोकांचा गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढूनच टाकलं.

'फक्त २ शिल्लक' आणि उलटं पळणारं घड्याळ दिसलं की फोन खाली ठेवा. खोटी घाई लावणं हा आता नुसता चावटपणा राहिलेला नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये अशा तेरा क्लृप्त्यांवर मनाई केली, त्यात ही आहे. न विचारता टोपलीत वस्तू घुसडणं आणि भाव शेवटच्या पायरीवर वाढवणं, याही आहेत. आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटला आपलं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी दाखवावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते, निवारण महिन्याभरात करावं लागतं. ज्या पानावर हे काहीच नाही, ते दुकान नाही. माल खराब निघाला तर १९१५ ला फोन करा. पैसेच लुटले गेले तर १९३०, आणि तो त्याच घटकेला, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत अडवता येतात, नंतर मागे धावावं लागतं. मावशीने तिसऱ्या दिवशी सांगितलं. का? लाज वाटली म्हणून. घरातली दोन पोरं हसतील म्हणून.

हीच गोष्ट मला टोचते. "नीट बघून घ्यायचं ना" हे वाक्य मी या प्रकरणात निदान पाच जणांच्या तोंडून ऐकलं. तिने नीट बघितलं होतं. बघून कळण्यासारखं तिथे काही नव्हतंच. डोळे कितीही ताणले तरी ९७ आणि १०७२ यांतला फरक दिसत नाही, आणि जो फरक माणसाला दिसूच शकत नाही त्याबद्दल माणसाला बोल लावणं हा अन्याय आहे. बोल लावायचा तर असली नावं डोळे झाकून नोंदवून देणाऱ्यांना लावा, आणि इशारा सगळ्यात बारीक टाइपात ठेवणाऱ्यांना लावा.

म्हणून एकच पक्की गोष्ट मी मावशीला सांगितली. कुणी पाठवलेल्या दारातून दुकानात शिरायचं नाही. दुकान आवडतं ना, मग आपल्या पायांनी चालत जायचं, म्हणजे पत्ता आपल्या बोटांनी टाइप करायचा. तुझ्या फोनच्या इंग्रजी कीबोर्डवर ए दाबलास की ९७ च उमटतो, १०७२ उमटूच शकत नाही.

तिची तक्रार अजून लोंबकळत आहे. पैसे आलेले नाहीत.

परवा सांगलीला गेलो तेव्हा ग्रुपवर पुन्हा एक लिंक आली होती, या वेळी पितळेच्या समयांची. मावशीने तिला हात लावला नाही. फडताळातून किराणाची वही काढली. शेवटच्या पानावर तीन दुकानांचे पत्ते पेनाने ठळक लिहून ठेवले होते, टिंबांसकट. चष्मा नाकावर सरकवून तिने फोन मांडीवर घेतला आणि एका बोटाने टाइप करायला सुरुवात केली. दुसरं अक्षर ए होतं. ते उमटल्यावर ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सत्त्याण्णव."