अबुकिरचे प्लग

अडतीस वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात सातबाराचे उतारे तपासण्यात ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्या अव्वल कारकुनाने एकाहत्तराव्या वर्षी ऐरोलीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात बसून विमान हाकावे, आणि तेही मिसर देशातील वाळवंटाच्या कडेला उतरवण्याच्या इराद्याने हाकावे, ही गोष्ट आमच्या कुटुंबाला मुळीच पसंत नव्हती. विमान अर्थात नातवाच्या संगणकातले. त्याला पेट्रोल लागत नाही. मात्र ते आकाशात असेतो पाने मांडता येत नाहीत, कारण संगणक आणि जेवण या दोहोंस आमच्याकडे मेज एकच आहे.

“आबा, कुठं जायचं?” असे नातवाने विचारताच मी “अबुकिर” म्हणून मोकळा झालो. त्याला लंडन किंवा दुबई अपेक्षित असावे. सबब त्या स्थळाचा पूर्वेतिहास सांगणे मला भाग पडले, आणि भाग पडलेली गोष्ट मी नेहमीच विस्ताराने करतो.

इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर मुदतीच्या आत एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास आगाखानांनी ५०० पौंडांचे इनाम जाहीर केले होते. रिंगणात तिघे उतरले. पैकी मनमोहन सिंग यांनी आपल्या विमानाला ‘मिस इंडिया’ असे नाव दिले होते आणि वाटेत चुकतमाकत ते हिंदुस्थानात पोहोचलेही, परंतु मुदत टळल्यावर. आमच्या कचेरीत असे अर्ज आम्ही कारण न वाचताच निकाली काढीत असू. उरलेल्या दोघांपैकी सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे निघाले, तर पंचवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा, ज्यांचा वैमानिकाचा परवाना या देशात दिलेला पहिलाच, कराचीहून उलट दिशेने निघाले. दोघांचीही विमाने ‘जिप्सी मॉथ’, म्हणजे उघड्या बैठकीची, बिनतारी यंत्रावाचून, नकाशा आणि होकायंत्र यांच्या भरवशावर चालणारी. १९३० च्या मे महिन्यात अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकिरच्या तळावर टाटा उतरले, तो अस्पी तेथे खोळंबून बसलेले. त्या यंत्राच्या चार नळकांड्यांना दोन-दोन याप्रमाणे आठ प्लग लागत, आणि नेमके तेच दगा देऊन बसले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला काढून दिले. अस्पी उडाले, टाटांच्या आधी मुक्कामाला पोहोचले आणि इनाम घेऊन गेले. पुढे १९६० साली तेच अस्पी हिंदी वायुसेनेचे प्रमुख झाले.

“म्हणजे टाटा हरले?” नातवाने विचारले. या प्रश्नावर मी जे काही उदात्त बोललो, ते येथे उद्धृत करीत नाही. दुसऱ्या दिवशी ते मला फार महाग पडले.

अबुकिरला मी तीनदा उतरलो: दोनदा भूमध्य समुद्रात आणि एकदा एका वखारीच्या छपरावर. “आबा, नाक वर! वर!” असे नातू ओरडे, आणि मी स्वतःचे नाक वर करी. सज्जातून खाडीचा जो चतकोर तुकडा दिसतो, त्यावर नुकतेच आलेले रोहित पक्षी कोणाच्याही सूचनेवाचून चिखलात अलगद उतरत होते, हे पाहून मी पडदा ओढून घेतला.

दुसरा दिवस हयातीचा दाखला देण्याचा होता. बँकेच्या रांगेत पहिला नंबर लावण्याची माझी आणि समोरच्या बिऱ्हाडातील गृहस्थांची चुरस जुनी आहे. गाडी लावण्याच्या जागेवरून आमचे तीन वर्षे बोलणे नाही, त्यामुळे ही चुरस निमूटपणे चालते. सकाळी आठाला मी नातवाला शाळेच्या बसपाशी पोहोचविण्यास खाली उतरलो, तो ते गृहस्थ आपल्या जुनाट स्कूटरला घाम फुटेपर्यंत लाथा मारीत होते. शेवटी त्यांनी प्लग काढला. काजळी धरून तो कोळशासारखा झाला होता. त्यांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला, फुंकला, उन्हात धरला आणि तीन वर्षांचे मौन सोडून म्हणाले, “काका, तुमच्याकडं जादा प्लग असेल का हो?”

माझ्या स्कूटरच्या डिकीत, कुटुंबाच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला, एक प्लग कायम असतो. नाही म्हणण्यास माझी जीभ उचलली गेलीही होती. परंतु नातू माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या नजरेत सबंध अबुकिर उभे होते. मी डिकी उघडली.

गृहस्थ भुर्रकन गेले. नातवाची बस उशिरा आली. मी बँकेत पोहोचलो तेव्हा ते पहिल्या नंबरावर वर्तमानपत्र वाचीत होते आणि माझ्यापुढे बावीस वृद्ध आपापली हयात सिद्ध करण्यासाठी तिष्ठत होते. काम उरकून परतताना ते माझ्यापाशी क्षणभर थांबले. आभार मानतील या समजुतीने मी चेहरा टाटांसारखा केला.

“काका,” ते हळूच म्हणाले, “तुमचा प्लगसुद्धा जुनाच निघाला. नवा घेऊन ठेवा.”