हास्यरसिक शेजाऱ्यांस अनावृत पत्र

संत तुकाराम नगर, पिंपरी येथील समस्त प्रेक्षक मंडळींस,



मार्च 2024 मध्ये ‘झी मराठी’वरील ‘चला हवा येऊ द्या’ हा कार्यक्रम, जवळजवळ दहा वर्षे थुकरटवाडी या काल्पनिक गावाचा कारभार पाहून, बंद झाला तेव्हा ‘सुटलो एकदाचे’ असे उद्गार आपण काढले होते. आणि जुलै 2025 मध्ये तोच कार्यक्रम ‘कॉमेडीचं गँगवॉर’ असे शेपूट लावून परतला तेव्हा ‘पूर्वीची सर नाही’ हा निकाल आपण पहिली जाहिरात लागण्याच्या आत देऊन टाकलात, या तत्परतेबद्दल प्रथम आपले अभिनंदन करतो. जे पूर्वीचे सूत्रसंचालक निलेश साबळे ‘हसायलाच पाहिजे’ अशी सक्ती करतात म्हणून आपण त्यांना बोल लावीत होता, त्यांच्याच गैरहजेरीने आता आपला कंठ दाटून येतो. विनोदवीर भाऊ कदमांच्या बाबतीतही तोच प्रकार. अभिजीत खांडकेकर यांनी सूत्रसंचालनात कितीही जीव ओतला, तरी ते साबळे नाहीत हा त्यांचा अपराध आपण माफ कराल, असे चिन्ह दिसत नाही.

परंतु आपली मुख्य फिर्याद निराळी आहे. राजकारण्यांना झोडपण्याची धमक आता कोणात उरली नाही, असे आपले म्हणणे. ते मी सोसायटीच्या जिन्यात, औषधांच्या दुकानात, मेट्रोच्या सरकत्या जिन्यावरही ऐकले आहे. मात्र पडद्यावर प्रतिपक्षाच्या नेत्याची नक्कल सुरू झाली की ज्या दिवाणखान्यातून हास्याचा गडगडाट होतो, त्याच दिवाणखान्यात आपल्या साहेबांची लकब कोणी उचलताच आजोबांचा अंगठा रिमोटच्या, अंक पुसून गेलेल्या, बटनावर कसा दाबला जातो आणि हसू तोंडातच अडकलेल्या नातवाकडे कसे पाहिले जाते, हे शेजारधर्माने मला खिडकीतून दिसते. 2022 साली शिवसेनेचे आणि 2023 साली राष्ट्रवादीचे दोन तुकडे झाल्यापासून तर कोणाची टोपी उडविली असता कोणाला गुदगुल्या होतील, याचा हिशेब विनोदी लेखकाने कोणत्या तारखेच्या वर्तमानपत्रावरून मांडावा, हाच प्रश्न आहे.

आपल्या नगरातील नाट्यगृहास आचार्य अत्र्यांचे नाव आहे आणि रुग्णालयास यशवंतराव चव्हाणांचे. संयुक्त महाराष्ट्राच्या रणधुमाळीत ज्या अत्र्यांनी 1956 साली सुरू केलेल्या ‘मराठा’ दैनिकातून यशवंतरावांवर नावानिशी शाब्दिक तोफा डागल्या, ते अत्रे आणि ते यशवंतराव आज एकाच वसाहतीत नामफलकांच्या रूपाने गुण्यागोविंदाने नांदत आहेत, त्यांच्या सावलीत राहणाऱ्या आपणांस मात्र एका नकलेने घाव बसतो. (तुकोबांविषयी मी काही बोलत नाही. त्यांनी दांभिकांना जी भाषा वापरली, ती आज कोणतीही वाहिनी प्रक्षेपित करणार नाही.)

स्थानिक विषय घ्यावेत, अशीही एक सूचना कानावर आली. सूचना उत्तम, अडचण एवढीच होती की, मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासकांचा अंमल सुरू झाला होता, आणि कार्यक्रम परतला त्या वेळी चिमटा काढावयास अख्ख्या शहरात एकही विद्यमान नगरसेवक शिल्लक नव्हता, होते ते सर्व माजी, आणि चौकाचौकांतील फ्लेक्सवर हात जोडून उभे असलेले भावी. प्रशासकाची नक्कल करावी तर त्यांचा चेहरा कोणास ठाऊक नव्हता, आणि भावींची करावी तर त्यांच्या वाढदिवसाच्या जेवणावळीस आपण सर्व सहकुटुंब हजर होतात.

सबब, माझी एक नम्र दरखास्त आहे. प्रत्येक बिऱ्हाडाने आपापल्या वर्ज्य नेत्यांची यादी, कुटुंबप्रमुखाच्या सहीनिशी, सोसायटीच्या कार्यालयात दाखल करावी. सर्व याद्या एकत्र करून उरलेल्या व्यक्तींविषयी वाहिनीस बिनहरकत दाखला पाठविण्यात येईल. मी अंदाजाने छाननी केली असता केवळ विजेच्या मीटरची नोंद घेणारा इसम उरला, आणि तोही तळमजल्यावरच्या काकूंचा भाचा निघाला.

तरी या यादीचे अर्ज आठवडाभरात भरून द्यावेत. ‘स्वपक्षातील कोणाची थट्टा चालेल’ हा रकाना कोरा ठेवणाऱ्यांनी विनोदात दम उरला नसल्याची तक्रार पुन्हा जिन्यात करू नये, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक शेजारी