अर्ध्या गुंठ्याची महामशागत

परसात अर्धा गुंठा, म्हणजे जेमतेम 545 चौरस फूट जागा. तिथे मेथी लावायची तर पॉवर टिलर हवाच. कुदळ काय, कुणीही मारतो! टिलर फाटकातून आत शिरेना, तेव्हा कुंपणाची भिंत पाडण्यात मालकांची दूरदृष्टीच दिसली. पुढच्या हंगामात कापणीयंत्रही सुखरूप आत येईल.

जपानचे मासानोबू फुकुओका वर्षानुवर्षे जमीन न नांगरता भात पिकवत राहिले. त्यांना भाड्याने टिलर मिळाला नसावा, बिचारे.

इथे मात्र माती पिठासारखी झाली आणि तिच्यात फुकट राबणाऱ्या गांडुळांची कायमची सुटका झाली. संध्याकाळी मालक गांडूळखताचं पोतं विकत घेऊन आले.

मेथी महिनाभरात तयार झाली. गवंडी दिवाळीनंतर येणार आहे. शेजारच्या शेळ्या रोज वेळेवर येतात.