कब्जा कोणाचा?
इ. स. १७५९ मध्ये पेशव्यांनी अहमदनगरचा भुईकोट किल्ला मोगली किल्लेदार कवी जंग यास द्रव्य देऊन हस्तगत केला. मोबदला धन्यास नव्हे, आत बसलेल्यास द्यावा लागतो, हे मर्म त्यांनी तेव्हाच ओळखले होते. कापडबाजारालगतचा जुना वाडा भाडेकरूसकट खरेदी करणाऱ्या आजच्या सद्गृहस्थास मात्र खरेदीखत, मुद्रांकशुल्क व फेरफार यथासांग पार पडल्यावरच उमगते की, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वये आपण पूर्वमालकाच्या जागी आलो आहोत, वाड्यात नव्हे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे स्वतःची वाजवी गरज शाबीत करण्यासाठी तो दिवाणी न्यायालयात तारखांमागून तारखा घेत राहतो. दरम्यान भाडेकरू अल्पस्वल्प भाडे नियमाने भरून निर्दोष राहतो, आणि घरपट्टीची मागणी तेवढी विनातक्रार नव्या मालकाच्याच नावे निघते.