जिल्हाभर मोफत, भिंगारपर्यंत

प्रति,
मा. 'अटी लागू' लिहिणारे साहेब,
टीव्हीचं मोठं दालन, नगर.
(दालनाचं नाव घालत नाही. फुकटची जाहिरात माझ्याकडून कशाला?)



दिवाळीच्या आधी पेपरात तुमची पानभर जाहिरात होती : 'अहिल्यानगर जिल्ह्यात सर्वत्र मोफत घरपोच डिलिव्हरी आणि मोफत फिटिंग'. 'फिटिंग'च्या डोक्यावर एक चांदणी होती, चष्मा लावूनही दिसेल न दिसेल अशी. टीव्ही कंपनी बनवते, काउंटरवरची पोरं तो विकतात. पण चांदणी तुमच्या हातची, म्हणून पत्र थेट तुम्हाला.

ती काढताना नकाशा समोर होता का? क्षेत्रफळात राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा आपला. १४ तालुके, १७ हजार चौरस किलोमीटरांच्या वर पसारा. कळसूबाई याच जिल्ह्यात आणि जामखेडही याच जिल्ह्यात. एवढा मुलूख तुम्ही मोफत कवेत घेतलात, हे वाचून आमचा ऊर भरून आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलेला, धाकट्याला पुण्यात बोनस मिळालेला. खरीप पावसानं धुऊन नेलं होतं, पण आई म्हणाली, "रडायला अख्खं वर्ष पडलंय, पाडव्याला टीव्ही आणा." ५५ इंची पसंत केला, पैसे मोजले. पैसे गल्ल्यात गेल्यावर काउंटरवरच्या पोरानं पिनकोड विचारला, संगणकात घातला आणि खाली बघत म्हणाला, "काका, तुमचा एरिया सर्व्हिसेबल नाही."

आमची वस्ती पाथर्डी तालुक्यात, तिसगावहून आत. डिलिव्हरी नगरला खेटून असलेल्या भिंगारपर्यंत. म्हणजे पाथर्डी रस्त्यावर तुमचा जिल्हा लष्कराच्या हद्दीतच संपतो. तिथून पुढं गेलं की डोंगरावर चांदबीबीचा महाल दिसतो. त्या महालात चांदबीबी नाही, सलाबतखानाची कबर आहे. आणि तुमच्या जिल्ह्यात जिल्हा नाही. चालायचंच.

पिनकोडचं मात्र मनाला लागलं. हे सहा आकडे श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच कोकणातल्या माणसाच्या डोक्यातून निघाले आणि १५ ऑगस्ट १९७२ला देशभर लागू झाले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आमच्याकडं तेव्हा दुष्काळ होता आणि माणसं खडी फोडत होती, त्यामुळं दोन्ही गोष्टी वस्तीवर उशिरा पोचल्या. पण पोचल्या. एकाच नावाची दहा गावं असली तरी कागद बरोबर माणसाच्या हातात पडावा, म्हणून वेलणकरांनी ते आकडे दिले. पोस्टमन आजही आमच्या दारात येतो. तुम्ही तेच आकडे दार लावून घ्यायला वापरता.

आता हिशेब बोलू. शहरातल्या सावेडीत राहणाऱ्यानं जी किंमत दिली तीच मी दिली. कर तोच, ऑफर तीच. तुमच्या गाडीचं डिझेल, हमालाची मजुरी, भिंतीला भोकं पाडणाऱ्याचा मेहनताना, हे सगळं त्या किमतीतच बसवलेलं असतं. कुठलंही दालन धर्मादाय नसतं. मग माझ्या वाट्याची डिलिव्हरी गेली कुठं? ती सावेडीला गेली. म्हणजे ज्याच्या दारापर्यंत डांबरी रस्ता आहे, त्याचा टीव्ही घरी पोचवायचे पैसे वस्तीवरच्या माणसानं भरले. वर स्वतःच्या गाडीचं भाडं वेगळं. सावेडीकरांनी एकदा चहाला तरी बोलवावं.

शेजारच्या आबांचा गावरान कांदा नेप्तीच्या बाजारात आला होता. पिकअप रिकामा परत निघालेला, त्यात आम्ही खोकं चढवलं. वजन म्हणाल तर सोळा-सतरा किलो, सिमेंटच्या गोणीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. त्रास वजनाचा नाही, आकाराचा. पडदाच सव्वा मीटरच्या जवळपास रुंद, त्यात खोकं आणखी मोठं. एका माणसाच्या कवेत येत नाही आणि दोघांनी धरलं तर दोघांची चाल जुळत नाही. खोक्यावर बाण असतो, टीव्ही उभाच ठेवा म्हणून. तो उगाच नसतो. आतली काच इतकी पातळ की आडवा ठेवला तर मधोमध ती झोळ धरते आणि एका हिसक्यात आरपार चीर जाते. जुना डबा टीव्ही यापेक्षा जड, पण त्याची काच बोटभर जाडीची. गडी तो खांद्यावर मारून चालू लागायचा. आमचा तर एसटीच्या टपावरून आला होता आणि त्याच संध्याकाळी दुकानदार स्वतः अँटेना लावायला आला होता.

तर बारदानाचा ढीग खाली, वर खोकं उभं, दोन्ही अंगांनी वाकळी, कासऱ्यानं बांधलेलं, आणि ते धरून मी मागं बसलेलो. मेहेकरीपर्यंत तुम्हाला शिव्या दिल्या. कौडगाव ओलांडलं, करंजी घाटाची वळणं लागली. वारा त्या पुठ्ठ्यात शिरून ओढायला लागला, तसे माझे हात कापायला लागले. आणि तिथं, साहेब, खरं सांगतो, मला तुमची दया आली. पडदा फुटला तर नवा बसवायचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा, हे मी काउंटरवर ऐकलं होतं. फुटलेल्या प्रत्येक पडद्यामागं तुम्हाला कुणीतरी केबिनमध्ये बोलावत असणार. तुम्ही निमूटपणे एक चांदणी काढता आणि नोकरी वाचवता. तिसगावच्या पुढं रस्ता सोडून गाडी वस्तीच्या वाटेला लागली, पावसानं उघडी पाडलेली खडी चाकाखाली आली, तेव्हा वाटलं, हे काम मलाही कुणी पगारावर सांगितलं असतं तर मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं.

मग ते उघड सांगा ना! 'काच नाजूक आहे, रस्ते वाईट आहेत, आमची हिंमत होत नाही' असं छापा. आम्ही भाडं देऊ, माणूस देऊ. पण मोठ्या अक्षरात हो म्हणायचं आणि बारीक अक्षरात नाही, याला व्यापार म्हणत नाहीत.

पुढची अट तर तुमची सर्वोत्तम कृती आहे. खोकं अधिकृत तंत्रज्ञासमोरच उघडायचं. नाहीतर काच फुटलेली निघाली तरी तक्रार चालणार नाही. आणि तंत्रज्ञ येणार नाही, कारण एरिया सर्व्हिसेबल नाही. पाडव्याला आईनं खोक्यालाच हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, ओवाळलं. लेकरं पुठ्ठ्यावरच्या चित्राकडं बघत बसली. मी फोन करत राहिलो, तुमची ध्वनिफीत मला 'मौल्यवान ग्राहक' म्हणत राहिली.

आणि मग मेसेज आला : 'आपले इन्स्टॉलेशन यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहे. कृपया पाचपैकी गुण द्या.'

कुणी केलं पूर्ण? कोण आलं होतं? खोक्याची चिकटपट्टी जशीच्या तशी होती! ज्या माणसानं करंजी घाट हातावर तोलून आणला, त्याच्या नावावर खोटी सेवा चढवून तक्रार बंद करता, ही कुठली रीत? लाज वाटायला हवी. इथं उपरोध बाजूला ठेवून लिहितोय, नीट वाचा.

शेवटी पुतण्याच्या मोबाइलवर चित्रण सुरू ठेवून खोकं फोडलं. काच शाबूत होती, ती आबांच्या ड्रायव्हरची पुण्याई. भिंत दगड-मातीची, ड्रिल घातलं की भुगा पडतो, स्क्रू धरत नाही, म्हणून टीव्ही दिवाणावर उभा आहे. पायांमध्ये मीटरभर अंतर, जुन्या टेबलावर ते बसेनात. डिशच्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांना मागं जागा नाही. चालू केल्यावर टीव्हीनं आधी वाय-फाय मागितलं, मग ईमेल, मग पासवर्ड. आईला बातम्या हव्या होत्या. या बारीक गोष्टींबद्दल तुम्हाला दोष देत नाही, त्यासाठी दुसरी पत्रं आहेत.

मागणी एकच. पुढच्या दिवाळीच्या जाहिरातीत चांदणी नको. गाडी ज्या गावांपर्यंत जाते त्या गावांची यादी छापा, 'मोफत'च्याच टायपात. जागा पुरत नसेल तर नटीचा फोटो लहान करा; आणि जिथं गाडी जात नाही, तिथल्या गिऱ्हाइकाला डिलिव्हरीचे पैसे बिलातून वजा करून द्या.

आपला,
सर्व्हिसेबल नसलेला,
तिसगावहून आत