मोहाखालची झोळी

"पूर्वी लोक झोळी घेऊन निघाले की पैसे घेऊन परतायचे," बायको म्हणाली. "तुम्ही आधी पैसे देऊन झोळी आणलीत, तीही चौथी."

ही झोळी म्हणजे दोन झाडांना टांगून झोपायची. आधीच्या तिघींची हकीकत थोडक्यात सांगतो. पहिली मोटारसायकलच्या सायलेन्सरला टेकली आणि भंडारा येईपर्यंत तिची चकली झाली. दुसरी पावसात भिजली, तशीच गुंडाळली. चार दिवसांनी उघडली तेव्हा आत बुरशीचं राज्य होतं. तिसरी जपून रोज कडक उन्हात वाळवली. नायलॉनला ऊन खातं, हे ती माझ्यासकट खाली आली तेव्हा कळलं.

चौथीला मात्र मी लेकरासारखं जपलं. मोटारसायकलच्या सीटवर बांधताना जुन्या ट्यूबचं वेष्टन, झाडाला दोराऐवजी दोन इंची पट्टी, म्हणजे साल सोलवटत नाही. शिवाय ताणून बांधायची नाही. दोराला तीस अंशांचा झोल दिला तर एकेका बाजूला माझ्याच वजनाइतका, ऐंशी किलोंचा ताण येतो. दहा अंशांवर आणलं की तोच दोनशे तीस किलो! एवढा मी लग्नाच्या पंगतीनंतरही भरत नाही.

मार्चअखेर नागपूर, साकोली, कोहमारा करत नवेगावबांधला पोचलो. कोलू पाटील कोहळींनी अठराव्या शतकात बांधलेला तलाव अजून टिकून आहे, आणि माझी झोळी एक पावसाळा काढत नाही. कोहळ्यांकडून थोडं शिकायला हवं होतं.

राखीव जंगलात अशी झोळी टांगता येत नाही. म्हणून गावातल्या एका काकांना विचारून त्यांच्या बांधावरच्या दोन मोहांना ती बांधली. झाडाखालची जागा लख्ख झाडलेली. काय हा पाहुणचार, असं मनात म्हणत झोपलो.

पहाटे चारला कपाळावर टप्. मग नाकावर टप्. गोड, उग्र वासाची फुलं टपाटपा पडत होती. तेवढ्यात पाचोळ्यात खसखस झाली. मी श्वास रोखला.

टॉर्चचा झोत आला, मागून टोपली, मागून आजी. काकांची आई.

"काहून जी, मोहाखाली कोनी झोपते का? अस्वल येते ना मोह खायला."

"कधी?"

"आमच्या आधी. आज त्याले उशीर झाला."

मी कसा उतरलो ते आठवत नाही. आजीनं झोळीत वाकून पाहिलं आणि तिचा चेहराच खुलला. एरवी फुलं मातीतून एकेक वेचावी लागतात. इथे स्वच्छ मोह आयता जमला होता. माझ्याखाली दबला होता तेवढा सोडून.

"उद्या बी बांधजा जी इथंच," आजी म्हणाली. "तुमी मात्र घरात झोपजा."

दिवसभर झोळीवर मुंगळ्यांची जत्रा. साध्या पाण्यानं धुतली, सावलीत वाळवली, संध्याकाळी पुन्हा टांगली. त्या रात्री तिच्यात दोन टोपल्या मोह पडला. मी काकांच्या ओसरीत खाटेवर होतो.